गाड्या येऊ द्या, पण आमची पाळी कापून नको

पाथरीच्या बसस्थानकासमोर घटकाभर उभे राहिले, की आवाज न करता पुढून निघून जाणाऱ्या बॅटरीच्या स्कुटी आता दिसू लागल्या आहेत. टपरीवर चहा पिणारा कोणीतरी हटकून विचारतो, "उद्या सगळ्याच गाड्या विजेवर आल्या तर एवढी वीज आणणार कुठून?" मुंबई-पुण्याचे जाणकारही हाच प्रश्न विचारतात, फक्त जड शब्दांत. आमच्या लेखी प्रश्न वेगळा आहे. वीज पुरली नाही, तर तोडणार कोणाची?

हा प्रश्न आम्ही विचारतो याचे कारण आमची आठवण शाबूत आहे. या राज्यात वीज कमी पडली तेव्हा तेव्हा पहिला खटका शेतीच्या फीडरवर पडला. कपाशी पाते-फुलावर असताना पडला, ज्वारी पोटऱ्यात असताना पडला. म्हणून गाड्यांचा हिशेब मांडताना शेतकऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसले पाहिजे.

गाडीशी आमचे भांडण नाही

आधी हे स्पष्ट करू. विजेची गाडी आमची वैरी नाही. परभणी जिल्ह्याला पेट्रोलच्या भावाचे कौतुक कोणी सांगायला नको. सप्टेंबर २०१८ मध्ये पेट्रोलने लिटरला ९० रुपयांचा टप्पा ओलांडला तेव्हा परभणीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. तेल मनमाडच्या डेपोतून टँकरने यायचे, वाहतुकीचा खर्च भावात चढायचा. आता तर शंभरी मागे पडली आहे. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर धावली तरी किलोमीटरला दोन रुपये जळतात. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण ३० किलोमीटर जाते. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला तीस-पस्तीस पैसे. बॅटरी बदलण्याचा खर्च पुढे उभा आहे, तो विसरू नये. तरी रोज मानवतला किंवा सेलूला जाणाऱ्या पोराच्या खिशाला हा फरक मोठा आहे.

शिवाय देश आपल्या गरजेचे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. ते थोडे कमी आले तर वाईट काही नाही. सरकारनेही जोर लावला आहे. राज्याचे पहिले धोरण २०१८ साली आले, दुसरे २०२१ साली, तिसरे २०२५ साली. या तिसऱ्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. समृद्धीवरून मोटार पळवणारे आमच्यात किती, हा प्रश्न इथे सोडून देऊ.

पुरेल का? हिशेब पंपाने करू

विजेचा हिशेब आम्हाला मोटारीपेक्षा मोटरपंपाने लवकर कळतो. पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला पावणेचार युनिटच्या आसपास खातो. आठ तासांच्या पाळीला ३० युनिट झाले. एका मध्यम चारचाकीची बॅटरी रिकामी असताना पूर्ण भरायला साधारण तेवढीच वीज लागते. म्हणजे एक मोटार भरली, एक पाळी झाली. पण मोटार रोज रिकामी होत नाही. स्कूटरचे तर रोजचे एखादे युनिट. नुसती युनिटे मोजली तर गाड्यांमुळे आभाळ कोसळेल असे दिसत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २ लाख ५० हजार मेगावॅटपर्यंत गेली, ती भागली. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दहा नव्या मोटारींत जवळपास नऊ विजेच्या होत्या आणि तिथे अंधार झाला नाही.

मग अडचण कुठे आहे? वेळेत आणि तारेत.

समजा, आपल्या जिल्ह्यात एक लाख स्कूटर झाल्या. रोज प्रत्येकी एक युनिट, म्हणजे एक लाख युनिट. हे दिवस-रात्र सारखे वाटून घेतले तर सव्वाचार मेगावॅटचा भार होतो. पण माणूस संध्याकाळी सातला घरी येतो आणि आल्याबरोबर पिन लावतो. एका चार्जरला पाऊण किलोवॅट धरा. एक लाख चार्जर एकाच वेळी लागले की भार ७५ मेगावॅट. युनिटे तेवढीच, पण भार अठरापट. ग्रामीण भागातल्या ३३ केव्ही उपकेंद्रांत बहुधा ५ एमव्हीएचे ट्रान्सफॉर्मर असतात. तसले पंधरा-सोळा एकदम लागतील. आणि संध्याकाळची ही वेळ म्हणजे दिवे, टीव्ही, कूलर सगळे चालू असण्याची आणि सूर्य मावळलेला असण्याची.

तारेचेही तसेच. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरचे बारा-तेरा पंप नीट चालतात. वीस जोडले की ऐन हंगामात डीपी जळते, हे शाळेत न शिकलेल्या गड्यालाही ठाऊक आहे. मोटारी झटपट भरणारे ६० किलोवॅटचे एक चार्जर म्हणजे असे पंधरा-सोळा पंप एका जागी. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरीतून जातो. महामार्गावर जागोजागी चार्जर बसवायचे, हे धोरणात आहेच. एसटीनेही १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर विजेची 'शिवाई' सुरू केली आणि पुढे ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार केला. त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत, पण येतील तेव्हा प्रत्येक आगाराला कारखान्यासारखे मोठे कनेक्शन लागेल.

म्हणजे वीज निर्माण करण्यापेक्षा ती पोहोचवणे अवघड जाणार आहे. आडात आहे, पण पोहरा फुटका आहे.

आजवर तोल कोणी सांभाळला?

वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी लागते, त्या क्षणी तितकी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की तोल जातो. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताचे ग्रीड असेच कोसळले, कोट्यवधी लोक अंधारात गेले. असे होऊ नये म्हणून भार प्रेषण केंद्रातून हुकूम सुटतो आणि फीडर बंद होतात. कोणते फीडर आधी बंद होतात, ते आम्ही सांगायला नको.

२००५ पासून पुढची सात-आठ वर्षे आठवा. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन होते. त्याच काळात, २००६ साली, पुणे शहराने थोडा जादा आकार भरून आणि कारखान्यांची जनित्रे चालवून भारनियमनातून सुटका करून घेतली. पुणेकरांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याकडे पैसा होता, त्यांनी वाट काढली. पण खेड्याला अशी वाट कोणी दाखवली नाही. नंतर गळती आणि थकबाकी पाहून फीडरचे गट पाडले. डिसेंबर २०१२ मध्ये भारनियमन संपल्याचे जाहीर झाले तेव्हाही जास्त गळतीचे गट वगळलेलेच होते. बिल भरणारा आणि न भरणारा एकाच तारेवर. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

परळीचे औष्णिक केंद्र आपल्या उशाला. त्याला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचे पाणी. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद पडले. धूर मराठवाड्याने खाल्ला, पाणी मराठवाड्याने दिले आणि भारनियमनही मराठवाड्यानेच सोसले.

भारनियमन गेले तरी शेतीची पाळी गेली नाही. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. थंडीत मध्यरात्री बॅटरी तोंडात धरून दारे धरायला जायचे, पायाखाली साप आहे की पाईप, ते पाय टाकल्यावर कळायचे. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ साली कोल्हापुरात शेतकऱ्यांना महावितरणच्या दारात बेमुदत बसावे लागले. ग्रीडने तोल सांभाळला म्हणतात. तो शेतकऱ्याने स्वतःची झोप मोडून सांभाळला आहे.

आपण कोरडवाहू माणसे. बारमाही बागाईतदाराचा पंप वर्षभर चालतो. आपल्या विहिरीला दिवाळीपर्यंत, फार तर संक्रांतीपर्यंत पाणी. आपल्याला वर्षातून दोन-तीनच पाण्याच्या पाळ्या द्यायच्या असतात. पण त्या नेमक्या त्या आठवड्यात. पोटऱ्यातल्या ज्वारीला एक पाणी मिळाले तर कणीस भरते, हुकले तर कडबा हाती राहतो. अशा आठवड्यात डीपी जळाली आणि पंधरा दिवस उभी राहिली, तर ते नुकसान कोणत्याही खात्याच्या तक्त्यात येत नाही. आणि ज्याच्या शिवारात विहीरच नाही, त्याला २०२४ च्या मोफत विजेच्या योजनेतून एक छदामही मिळालेला नाही. फुकट वीज म्हणून टाळ्या घेतल्या, पण रात्री दोनला येणाऱ्या फुकट विजेपेक्षा सकाळी नऊला येणारी रास्त दराची वीज आम्हाला जास्त मोलाची आहे.

उन्हाने दिलेली संधी

एक गोष्ट मात्र या काळात आपल्या बाजूने बदलली आहे. पूर्वी दिवसा वीज महाग पडायची, म्हणून पंप रात्रीवर ढकलला. आता सौर विजेमुळे भर दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक होऊ लागली आहे. वीज नियामक आयोगानेही सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत दर कमी, संध्याकाळी जास्त, अशी रचना आणली आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०२३ पासून नव्याने राबवली जात आहे. तिच्यातला ३ मेगावॅटचा पहिला प्रकल्प २०२४ साली वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात चालू झाला. गावाजवळच्या पडीक जमिनीवर वीज तयार होते आणि त्याच गावच्या फीडरवर जाते. लांबची तार नाही, मधली गळती कमी.

पंपाला दिवसाच वीज हवी आणि सूर्य दिवसाच उगवतो. एवढा सरळ मेळ देवाने घालून दिला आहे. पण दुपारच्या या विजेला उद्या गिऱ्हाईक वाढेल. गाड्यांचे चार्जरही दुपारीच चालवा, असा सल्ला जाणकार देतात. सल्ला योग्यच आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत सरकारनेच लोकांना विनंती केली होती, संध्याकाळी चार ते नऊ गाड्या चार्ज करू नका. आमचे म्हणणे एवढेच, की दुपारच्या ताटात पहिला घास पंपाचा. गाडी दोन तास उशिरा भरली तर माणूस कामाला उशिरा पोहोचेल. ज्वारीला आठ दिवस उशीर झाला तर वर्ष जाते.

आधी आपल्या बांधावरचे

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपलेही पाहू. डीपी जळते ती नेहमी खात्याच्या चुकीनेच जळते असे नाही. आपण पंपाला कपॅसिटर बसवत नाही, म्हणून तार विनाकारण तापते. ऑटो स्विच लावून ठेवतो, मग वीज आली की शिवारातले सगळे पंप एका दमात सुरू होतात आणि फ्यूज उडतो. तीन हॉर्सपॉवरचे कोटेशन आणि विहिरीत पाचची मोटार, हेही चालते. आकडा टाकणारा आपल्याच भावकीतला असतो आणि आपण पाहून न पाहिल्यासारखे करतो. कपॅसिटरला फार पैसा लागत नाही. आपले घर स्वच्छ असले की मागणीला वजन येते.

मागणी काय करायची, हे या मेळाव्यात ठरले पाहिजे. आम्ही चार गोष्टी पुढे ठेवतो. पहिली, सौर प्रकल्प जिथे चालू झाला त्या प्रत्येक फीडरला दिवसाची आठ तास पूर्ण दाबाची थ्री फेज वीज मिळाली पाहिजे आणि गाड्यांचे नवे भार वाढले म्हणून ती कापली जाता कामा नये. दुसरी, महामार्गावरच्या मोठ्या चार्जरसाठी तार आणि ट्रान्सफॉर्मर वेगळे असावेत आणि त्यांचा खर्च चार्जरवाल्याने द्यावा, गावच्या दरात तो मिसळू नये. तिसरी, शेतीपंपांना खरोखर किती वीज जाते ते फीडरवर मोजून गावात जाहीर करावे. पंपांचा वापर फुगवून त्यात गळती दडवली जाते, हा आक्षेप वीजग्राहक संघटना आयोगापुढे वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. मोजमाप उघडे झाले की खरे-खोटे आपोआप निवडले जाईल. चौथी, जळालेली डीपी ग्रामीण भागात ४८ तासांत बदलण्याचे आयोगाचे बंधन आहे, ते पाळले जावे. त्यासाठी आपण तोंडी तक्रार करून परत न येता लेखी अर्ज द्यावा आणि त्यावर तारीख-शिक्का घ्यावा. वर्गणी गोळा करून आपल्याच ट्रॅक्टरमध्ये डीपी घालून नेण्याची रीत आता मोडली पाहिजे.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, गाड्या येणार आहेत. त्या आपल्याही दारात येतील आणि आल्या तर आनंदच आहे. ग्रीडला त्या पेलतील की नाही, हे इंजिनिअर पाहून घेतील. आपण पाहायचे ते एवढेच, की पेलण्यासाठी पुन्हा एकदा आपला खांदा न विचारता वापरला जाऊ नये. गेल्या वेळी आपण गप्प राहिलो आणि रात्रीची पाळी कायमची गळ्यात पडली. या वेळी हिशेब मांडण्याच्या वेळीच आपला माणूस तिथे बसलेला हवा.