पोरं रांगेत उभी असताना सक्ती कशाला?



हंगामाची धावपळ ओसरली की शेती ऑफिसच्या व्हरांड्यात, सोसायटीच्या ओट्यावर नाना विषय निघतात. त्यात हल्ली एक विषय वरचेवर कानी येतो. "त्या इस्रायलसारखं करायला पाहिजे. अठरा वर्षं पुरी झाली की प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरीत घालायचं. सगळी सुतासारखी सरळ होतील." असे बोलणारे बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले असतात, एवढे जाता जाता नमूद करतो.

त्यांची कळकळ खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाटण्या होऊन वाट्याला दीड-दोन एकर आलेले, पोरगं बारावी होऊन घरी बसलेलं, नोकरी नाही, रानात पाय ठेवत नाही, दिवसभर हातात मोबाईल, आणि नोकरी नाही म्हणून सोयरीक जुळत नाही. अशा घरातल्या बापाला वाटते, सरकारने याला धरून न्यावे, चार गोष्टी शिकवाव्यात. पण बापाची चिंता वेगळी आणि देशाचा कायदा वेगळा. लष्करी सेवा सक्तीची करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हिशोब पाहू, कारण आपण हिशोबाची माणसं आहोत. देशात दरसाल सव्वा कोटीच्या आसपास मुलगे अठरा वर्षांचे होतात. मुली यात धरलेल्याच नाहीत. दोन वर्षांची सक्ती म्हटली की कोणत्याही वेळी अडीच कोट पोरं बराकीत. आजचे आपले सैन्य, नौदल आणि हवाई दल मिळून चौदा लाखांच्या घरात आहे. म्हणजे अठरा पट! अडीच हजार टनी कारखान्याच्या गव्हाणीवर रोज पंचेचाळीस हजार टन ऊस आणून उभा केला तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. ऊस वाळेल, गाड्या अडकतील, शिव्या मात्र सगळ्यांना मिळतील. एवढ्यांना शिकवायला उस्ताद कुठले, रायफली कुठल्या, अंथरूण-पांघरूण कुठले? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये धरले होते. त्यातले १ लाख ६० हजार कोटींवर नुसत्या पेन्शनीला. हा भार पेलवेना म्हणून चार वर्षांची भरती काढावी लागली, आणि आम्ही म्हणतो अडीच कोटींना जेवू घाला.

इस्रायलचा दाखला देणाऱ्यांनी त्या देशाची लोकसंख्या पाहावी. कोटभर माणसांचा देश, चोहोबाजूंनी वैर. सिंगापूरने १९६७ साली सक्ती आणली, पण तो देश म्हणजे एक मोठे शहर. स्वीडनने २०१० साली बंद केलेली सक्ती २०१७ साली पुन्हा सुरू केली, तीही सरसकट नव्हे. तिथे मुलामुलींना तपासतात आणि लागतील तेवढीच निवडून घेतात. ज्यांच्याकडे माणसांचा तुटवडा आहे त्यांनी सक्ती करावी. आपल्याकडे कोणत्या मैदानावर तुटवडा दिसतो? भरतीचे मैदान कुठेही लागू द्या, आदल्या रात्रीपासून पोरं रस्त्याच्या कडेला चादर टाकून झोपलेली असतात. आपल्याच कार्यक्षेत्रात पहाटे चारला उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला रस्त्यावर पळणारी पोरं भेटतात की नाही? त्यांना कुणी सक्ती केली आहे?

सातारा तालुक्यातले अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले, आणि पुढच्या पिढ्यांनी पाठ फिरवली नाही. गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव शेतकऱ्याच्याच घरातले. १९४५ साली इटलीत जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाचवून पुन्हा पुढे गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. यातले कुणी सक्तीने गेलेले नव्हते. पोटासाठी गेले असतील, नावासाठी गेले असतील, पण आपल्या पायाने गेले. सीमेवर शेजारी उभा असलेला गडी मनाने आला आहे की धरून आणला आहे, याचा फरक पडतो. १९८४ च्या आदेशाने झोनबंदी आली तेव्हा आपल्यालाही आपला ऊस हवा तिथे घालता येत नव्हता. तेव्हा सभासदांच्या मनात काय होते ते जुन्यांनी आठवावे.

सक्तीचा एक प्रयोग या देशात होऊनही गेला आहे. १९६२ साली चीनने तडाखा दिला, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि १९६३ पासून कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली. १९६८ साली ती सक्ती उठवावी लागली. त्या वेळचे कॉलेजकुमार आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना विचारा, परेड किती मनापासून चालायची आणि हजेरी किती मनापासून. मुळात १९६२ ला माणसांची वाण कुठे होती? वाण होती ती लोकरी कपड्यांची, बुटांची, चांगल्या बंदुकांची आणि वर जाणाऱ्या रस्त्यांची. पुढे नऊ वर्षांनी, १९७१ साली, याच मनाने भरती झालेल्या सैन्याने ढाक्यात ९३ हजारांना शरण आणले.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला सर्वांत जास्त खटकते. सक्तीचा कायदा झाला तर त्यात सापडणार कोण? अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईच्या वेळी सक्तीची भरती होती, पण कॉलेजात शिकणाऱ्याला मुदतवाढ मिळे. ज्याच्या बापाकडे फी भरायला पैसे त्याचा मुलगा कॉलेजात, बाकीचे जंगलात. बोंबाबोंब झाली, शेवटी १९७३ साली ती भरती बंद करावी लागली. आपल्याकडे तर डॉक्टरचा दाखला काढण्यात आपण कुणाला हार जाणार नाही! पुण्या-मुंबईच्या मोठ्या घरचा मुलगा परदेशी शिकायला जाईल. आपल्या ऊसतोडणी कामगाराच्या पोराकडे मात्र धड शाळेचा दाखला नसतो, त्याला मुदतवाढ कोण देणार? घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली आहे. त्याच कलमात सार्वजनिक कामासाठी सरकारला सक्तीची सेवा लावण्याची मुभाही ठेवली आहे, पण धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेद करता येणार नाही, अशा अटीवर. कागदावर ती अट पाळली जाईल. गावात काय होईल ते आपण जाणतो.

शिस्तीचे म्हणाल तर सैन्य म्हणजे उनाड पोरांची सुधारशाळा नव्हे. ज्याला घरात उठून गुरांना वैरण टाकायला आपण लावू शकलो नाही, त्याला सुभेदारसाहेबांच्या गळ्यात बांधून मोकळे व्हायचे, हा न्याय कुठला? उद्या खरोखर देशावर वेळ आली आणि हाक आली, तर गोष्ट निराळी. नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत ते १९७६ पासून लिहिलेलेच आहे, आणि तेव्हा आपल्या भागातले कुणी मागे राहील असे आम्हाला वाटत नाही.

खरा प्रश्न सक्तीचा नाहीच. जी पोरं मनाने जाऊ पाहतात त्यांचे काय, हा आहे. पीककर्जातून अकॅडमीची फी भरणारे बाप आम्हाला ठाऊक आहेत. तीन-तीन वर्षं पोरगं पळतं, एकविशी-बाविशी ओलांडली की दार बंद, आणि हातात ना पदवी ना रानाची सवय. भरतीत आता लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर, तरी पुष्कळ पोरं नुसती पळतच असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारणारा गडी गणितात अडतो आणि मैदानापर्यंत पोचतच नाही.

जे निवडले गेले त्यांचाही प्रश्न उभा आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेप्रमाणे चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम व्हायचे, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी. पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीत प्रशिक्षणाला लागली, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीपासून ही पोरं गावोगाव परतायची. बावीस-पंचवीस वर्षांचा, तयार अंगाचा, शिस्तीचा गडी. त्याने ते पैसे गाडीत आणि लग्नाच्या मांडवात घातले तर दोन वर्षांत तोही व्हरांड्यातच येऊन बसेल.

म्हणून संचालक मंडळापुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. कारखान्यामागच्या पडीक जागेत चारशे मीटरची धावपट्टी आणि शेजारी रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका व्हावी, सभासद आणि तोडणी कामगार या दोघांच्याही मुलामुलींसाठी, बिनफीची. मुली म्हणतो ते उगीच नव्हे, २०२२ पासून खडकवासल्याच्या एन.डी.ए.त मुली आहेत. दुसरे, आपल्या शिक्षण संस्थेच्या कॉलेजात एन.सी.सी.ची तुकडी मागावी. 'सी' सर्टिफिकेटवाल्यांना अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वाट आहे, हे आपल्या किती पालकांना माहीत आहे? तिसरे, परतणाऱ्या अग्निवीरांसाठी सुरक्षा विभागात, वाहन विभागात आणि वजनकाट्यावर जागा राखाव्यात. काट्यावर फौजी बसला तर सभासदांची झोपही जरा सुधारेल.

या मागण्यांवर सभासदांनी आपल्या सूचना लेखी स्वरूपात वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी शेती ऑफिसात द्याव्यात. ज्यांची मुले सध्या सेवेत आहेत त्यांनी मुलाचे नाव, गाव आणि चार वर्षे कधी भरतात ते जरूर कळवावे, म्हणजे आकडा हातात घेऊन मंडळाशी बोलता येईल.