ज्योतिर्लिंगं बारा की तेरा?

ज्योतिर्लिंगं किती? शाळकरी पोरगंही सांगेल, बारा. आपलं भीमाशंकर त्यातलंच. पण मॉरिशसमध्ये विचारलंत तर 'तेरा' असं उत्तर मिळू शकतं. गंगा तलावाकाठचं महादेवाचं मंदिर तिथले भाविक तेरावं ज्योतिर्लिंग मानतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये आसाम सरकारच्या जाहिरातीत गुवाहाटीजवळच्या देवस्थानाला सहावं ज्योतिर्लिंग म्हटलं गेलं आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! साहजिकच होतं, तो दावा थेट भीमाशंकरच्या जागेवर होता. मॉरिशसने मात्र कुणाचं काही घेतलं नाही, स्वतःपुरती भर घातली.

का घातली? 1834 पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी लाखो मजूर तिथे नेले. त्यातल्या अनेकांचं परतणं झालंच नाही. काशीला जाणं शक्य नाही, तर काशीच इथे आणू! 1898 च्या सुमारास त्रिओले गावातून पहिले भाविक या तलावाकडे पायी गेले. 1972 मध्ये त्यात गंगेचं पाणी मिसळलं. आता महाशिवरात्रीला लाखो लोक येतात.

या मजुरांमध्ये कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचा गणपती टिकला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. भाषेचं मात्र वेगळं झालं. बहुतेक घरांत क्रिओल बोलली जाते, मराठी हा शाळेतला विषय उरला. आणि गंमत म्हणजे, तिथल्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'हिंदू'सोबत 'मराठी', 'तमिळ', 'तेलुगू' अशीही उत्तरं वेगळी मोजली जातात. म्हणजे भाषा ओठांवरून गेली आणि तिचं नाव धर्माला चिकटलं!

इथेच खरा मुद्दा आहे. आपल्याकडे मराठी माणूस हिंदू असतो, तसाच बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्तीही असतो. 'मराठी' हा धर्म झाला की बाकीचे आपोआप बाहेर. मळ्यावरच्या मजुरांना दोष देता येणार नाही, देवाच्या आधारावरच ते तगले. पण आज व्हिसा काढून, लॅपटॉप घेऊन जाणाऱ्या आपल्या पिढीची तशी अडचण नाही. व्हिडिओ कॉलवर आजी रोज भेटते.

तरी परदेशातलं आपलं मराठीपण वर्षातून एकदा आरती आणि मोदकांपुरतं उरणार असेल, तर आपल्या मुलांना ते भाषा म्हणून कळेल की फक्त धर्म म्हणून? जर्मनीचा, कॅनडाचा फॉर्म भरताना एवढा विचार नक्की करा.