समोरच्याच्या ब्रेकवर

१ जून २०२५ रोजी बार्सिलोनाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्स व्हर्स्टापेन पाचवा आला आणि दहावा ठरला. शर्यतीच्या मोजक्या फेऱ्या उरल्या होत्या. जॉर्ज रसेलला जागा परत दे, असे त्याच्या संघाने रेडिओवरून सांगितले आणि ते त्याला मुळीच पटले नाही. पाचव्या वळणाआधी त्याने गाडी हळू केली, रसेल पुढे सरकला, तोच व्हर्स्टापेनने वेग वाढवला आणि गाडी रसेलवर नेऊन आदळली. पंचांनी दहा सेकंदांचा दंड ठोठावला, परवान्यावर तीन दंडगुण चढवले. पाचव्या क्रमांकाचे दहा गुण गेले, दहाव्याचा एक गुण पदरात राहिला. ७ डिसेंबरला अबू धाबीत हंगाम संपला तेव्हा लँडो नॉरिसचे गुण होते ४२३ आणि व्हर्स्टापेनचे ४२१. सलग पाचवे विश्वविजेतेपद दोन गुणांनी हुकले. चोवीस शर्यतींच्या हंगामाचे खापर एका वळणावर फोडणे योग्य नाही, हे खरे. पण बार्सिलोनात रागाच्या भरात नऊ गुण उधळले गेले, हेही तितकेच खरे.

या माणसाच्या आक्रमकपणावरचा वाद त्याच्या कारकिर्दीइतकाच जुना आहे. २०१६ मध्ये, तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, ब्रेक लावता लावता गाडी आडवी घालून मागच्याची वाट बंद करण्याच्या त्याच्या सवयीवर किमी रायकोनेनसह अनेकांनी तक्रारी केल्या आणि त्याच हंगामात तशी हालचाल करण्यास मनाई झाली. २०२१ मध्ये लुईस हॅमिल्टनशी त्याची वर्षभर जुंपली. २०२४ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोत एकाच फेरीत नॉरिसला ट्रॅकबाहेर ढकलल्याबद्दल आणि स्वतः ट्रॅक सोडून फायदा उठवल्याबद्दल त्याला प्रत्येकी दहा सेकंदांचे दोन दंड झाले. त्याचे चाहते म्हणतात, विजेता असाच असतो. घुसण्याची हिंमत नसेल तर घरी बसावे. त्यांच्याकडे पुरावाही आहे. मेक्सिकोनंतर आठवडाभरातच, ३ नोव्हेंबरला, ब्राझीलच्या धो-धो पावसात सतराव्या जागेवरून सुरुवात करून तो पहिला आला. त्या दिवशी त्याने ज्यांना मागे टाकले त्यांना ट्रॅकबाहेर ढकलावे लागले नाही. ओल्या रस्त्यावर पकड कुठे मिळते हे त्याला इतरांच्या आधी कळत होते, एवढेच. हा ड्रायव्हर किती मोठा आहे, यावर वाद नाहीच. वाद आहे तो एका विशिष्ट डावावर.

तो डाव नीट समजून घेतला पाहिजे. वळणावर आतल्या बाजूने शिरायचे, ब्रेक शक्य तितका उशिरा दाबायचा आणि वळणातून निघताना गाडी इतकी बाहेर जाऊ द्यायची, की शेजारच्या गाडीला डांबर उरतच नाही. शेजारच्यापुढे मग दोनच मार्ग राहतात: ब्रेक दाबून मागे राहायचे, नाहीतर धडक घ्यायची. आतून पुढे जाणाऱ्याचा पुढचा आस वळणाच्या आतल्या टोकाशी समोरच्या गाडीच्या आरशापर्यंत पोहोचलेला असला, तर वाटेवर त्याचा हक्क धरावा, असे मार्गदर्शक नियम सांगतात. गाडी ताब्यात असली पाहिजे आणि वळण ट्रॅकच्या आत राहूनच पूर्ण झाले पाहिजे, असेही तेच नियम सांगतात. हक्काचे वाक्य पाठ करायचे आणि ताब्याचे विसरायचे, ही पळवाट व्हर्स्टापेनने फार हुशारीने वापरली.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. या डावाचे यश घुसणाऱ्याच्या कौशल्यावर ठरत नाही, समोरच्याच्या ब्रेकवर ठरते. समोरचा शहाणा आहे, त्याला शर्यत पूर्ण करायची आहे, तो गाडी वाचवणार, हे गृहीत धरूनच गाडी आत घातली जाते. दुसऱ्याचा संयम आपले भांडवल म्हणून वापरण्याला आम्ही हिंमत मानत नाही. हिंमत ब्राझीलच्या पावसात दिसली होती.

हे काही पहिल्यांदा घडलेले नाही. १९९० च्या ऑक्टोबरात जपानमधल्या सुझुकाच्या पहिल्याच वळणावर आयर्टन सेनाने ॲलन प्रोस्टला धडक दिली, दोघेही बाद झाले आणि विजेतेपद सेनाचे झाले. धडक ठरवून दिली होती, हे त्याने पुढच्या वर्षी स्वतःच सांगितले. त्याचे चाहते आदल्या वर्षीच्या अन्यायाचा दाखला देतात. तो अन्याय खरा धरला तरी ज्या वेगाने ती धडक झाली, त्यात कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. १९९७ मध्ये स्पेनच्या हेरेझमध्ये मायकेल शूमाकरने जाक व्हिलनव्हवर गाडी घातली तेव्हा डाव उलटला: व्हिलनव्ह निसटला, शूमाकर वाळूत रुतला आणि त्या हंगामाच्या गुणतक्त्यातून त्याचे नावच काढून टाकण्यात आले. १९९० ला विजेतेपद मिळाले, १९९७ ला हंगाम गेला. शिक्षा कडक झाली की खेळ सुधारतो, असे या दोन तारखांमधले अंतर सांगते.

म्हणूनच बार्सिलोनाची शिक्षा आम्हाला अपुरी वाटते. केव्हिन मॅग्नुसनवर २०२४ मध्ये एका शर्यतीची बंदी आली ती बारा दंडगुण भरल्यामुळे. मोंझात पिअर गॅस्लीशी झालेल्या एका किरकोळ टकरीने ते भरले, आणि तो बाकू शहरातल्या शर्यतीला मुकला. छोट्या चुका साठत जाऊन एक ड्रायव्हर घरी बसतो. रागाच्या भरात दुसऱ्यावर गाडी घालणारा मात्र अकरा दंडगुणांवर थांबतो आणि पुढच्या शर्यतीत उतरतो. हा हिशेब पटण्यासारखा नाही. ती हालचाल बरोबर नव्हती, असे व्हर्स्टापेनने दुसऱ्या दिवशी स्वतःच जाहीर केले, ते चांगले झाले. पण त्याला त्याच दिवशी शर्यतीतून बाहेर काढायला हवे होते.

तरीही त्या व्यवस्थेची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दंड त्याच दिवशी झाला, कारणासह लेखी झाला, आणि चार वेळच्या विश्वविजेत्याला झाला. आक्रमक ड्रायव्हरभोवती तिथे एवढे सगळे उभे असते: प्रत्येक वळणावर मार्शल, प्रत्येक कोनात कॅमेरा, डोक्यावर हॅलोची टायटॅनियमची कमान, पलीकडे धक्का शोषणारे अडथळे. २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनला गुरुत्वाच्या एक्कावन्न पट धक्का बसूनही व्हर्स्टापेन स्वतःच्या पायांनी गाडीबाहेर आला.

आमच्या रस्त्यांवर यातले काहीच नसते. जळगावात बांभोरीच्या पुलापासून अजिंठा चौफुलीपर्यंत, धुळ्यात देवपूरपासून पारोळा चौफुलीपर्यंत, शाळकरी मुलांच्या सायकली, भाजीच्या हातगाड्या, केळीचे ट्रक, एसटी आणि एमएच १९ किंवा एमएच १८ चा सायलेन्सर बदललेला बुलेटवाला, सगळे एकाच पट्ट्यात असतात. कट मारणे ही इथली रोजची गोष्ट झाली आहे, आणि ‘कट मारल्याच्या कारणावरून हाणामारी’ ही बातमीही. रात्री मोकळ्या चौपदरी रस्त्यावर दोन गाड्यांची ‘लागते’, मागे बसलेला मोबाइलवर ते टिपतो, सकाळी ते रील होऊन फिरते. त्याखाली जी भाषा असते, तीच ट्रॅकवरच्या धडकांच्या कौतुकातही असते: घुसला म्हणून जिंकला. समोरच्याने ब्रेक मारला म्हणून सगळे वाचले, हे कुणी लिहीत नाही.

७ मे २०२४ ला ब्रेक मारायला समोर कुणी नव्हते. जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ भरधाव कारने दुचाकीला उडवले. दुचाकीवर ‘आशा’ म्हणून काम करणारी एक आई होती, तिची दोन मुले होती आणि भाचा होता. चौघेही गेले. दोन गाड्यांची शर्यत लागली होती, असा आरोप तेव्हा झाला. त्याचे खरे-खोटे न्यायालय ठरवेल, त्यावर आम्ही निवाडा देणार नाही. पण घटनेनंतर जे झाले ते सगळ्या जिल्ह्याने पाहिले. संशयित वजनदार घरांतले होते आणि अटक व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. मध्यंतरी १९ मेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारखाली दोघांचा जीव गेला आणि देशभर गदारोळ उठला. त्यानंतर रामदेववाडीची आठवण अधिकाऱ्यांना आणि पुण्या-मुंबईच्या माध्यमांना झाली. तांड्यावरच्या चार मृत्यूंना न्याय मिळवून देण्यासाठी पुण्यात अपघात व्हावा लागतो, याची बोच खान्देशाला आजही आहे आणि ती असलीच पाहिजे.

बार्सिलोनात निकाल त्याच दिवशी लागला. रामदेववाडीत पहिल्या अटकेलाच पंधरवडा उलटला. गुन्ह्याच्या तपासाची शर्यतीच्या पंचगिरीशी बरोबरी होत नाही, हे आम्हाला कळते. तपासाला पुरावा लागतो, वैद्यकीय अहवाल लागतात. मात्र रस्त्यावर अशा गाड्या दामटणाऱ्या पोरांच्या मनात जो हिशेब असतो तो याच दिरंगाईने बनतो. पकडले जाऊ की नाही, पकडले तर बाबा सोडवतील की नाही, एवढाच तो हिशेब असतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. कायदा कमी पडत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावण्याबद्दलच आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद. हे कलम चौकातल्या पावतीपुस्तकात हेल्मेटइतके सहज दिसत नाही.

शर्यतीलाच विरोध करणाऱ्यांतले आम्ही नाही. खान्देशाला शर्यतीचे वेड आहे आणि ते जपावे असेच आहे. बैलगाडा शर्यतींचा अनुभव आपल्यासमोर आहे. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावपट्टी एक हजार मीटरपर्यंतच, बैलाला चाबूक-काठी लावायची नाही, अशा अटी शेतकऱ्यांनी मान्य केल्या म्हणून शर्यती परत आल्या. मुक्या जनावराच्या पाठीवर वळ उठू नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या राज्याने मोटारीखाली येणाऱ्या माणसासाठी त्याहून कमी काळजी घ्यावी, हे कुठल्या न्यायात बसते? ज्यांना खरोखर गाडी पळवायची आहे त्यांच्यासाठी कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, कोइंबतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. खान्देशात असा एक छोटा ट्रॅक उभारायला उद्योजकांनी आणि क्रीडा खात्याने पुढे यावे. मोकळ्या जमिनीची इथे वानवा नाही.

ज्या व्हर्स्टापेनची उदाहरणे दिली जातात त्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१५ मध्ये सतराव्या वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा त्याच्याकडे साध्या रस्त्यावर गाडी चालवण्याचे लायसन्स नव्हते. ते त्याने अठरा पूर्ण झाल्यावर परीक्षा देऊन काढले. जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीत बसणाऱ्या पोरालाही कायद्याने रस्त्यासाठी सूट दिली नाही. मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेनेही नियम बदलला: २०१६ पासून फॉर्म्युला वनसाठी वय किमान अठरा आणि रस्त्याचे लायसन्स आवश्यक ठरवले.

जळगाव आणि धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांकडे आमची मागणी साधी आहे. ज्या पट्ट्यांवर रात्री गाड्यांची लागते ते पट्टे त्या त्या पोलीस ठाण्याला ठाऊक आहेत. तिथे कॅमेरे लावा, समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींमधले नंबर उचला, कलम १८९ खाली गुन्हे नोंदवा आणि दर महिन्याला किती गुन्हे नोंदले, किती लायसन्स निलंबित झाली, हे आडनावांचा मुलाहिजा न ठेवता जाहीर करा. परिवहन कार्यालयांनी सायलेन्सर बदलणाऱ्या गॅरेजवाल्यांनाही जाब विचारावा.

आणि दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून मुलाच्या हाती चावी देणाऱ्या आई-वडिलांना विनंती आहे, की कलम १९९अ एकदा वाचा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही.