सहस्रकुंड : सहलीपलीकडचे

मराठवाडा म्हटले की भेगाळलेली जमीन आणि टँकरपुढची घागरींची रांग, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. पैनगंगेकाठचे रान त्या चित्रात बसत नाही, म्हणून बहुधा ते कुणाला आठवतही नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, इस्लापूरजवळ, ही नदी काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते. तेच सहस्रकुंड. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. पलीकडे उमरखेड तालुक्यात नदीने तीन बाजूंनी वेढलेले पैनगंगा अभयारण्य, तर अलीकडे किनवट-माहूरचे सागवानी जंगल.

हे जंगल जपायचे कशासाठी, असे कुणी विचारले तर मी लातूरकडे बोट दाखवतो. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पाच लाख लिटर! एकतृतीयांश भूभाग वनाखाली असावा, असे १९८८ चे राष्ट्रीय वन धोरण सांगते. लातूर जिल्ह्यात हे प्रमाण शेकडा एकाच्याही आत आहे. जंगल नाही म्हणून दुष्काळ पडला, असे सोपे समीकरण मी मांडणार नाही. अपुरा पाऊस, ऊस आणि बेसुमार उपसा यांचाही त्यात वाटा होताच. पण उतारावरची माती धरून ठेवणे आणि पावसाचे पाणी जमिनीत जिरवणे, हे काम रानासारखे दुसरे कुणी फुकटात करत नाही.

२०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. असा प्रवास करणाऱ्या जनावराला अशी उरलीसुरली रानेच आडोसा देतात. ती तुटली की वाघ शेतात येणार आणि भांडण शेतकऱ्याच्या दारात.

पावसाळ्यात धबधबा पाहायला माणसे येणार, यावीत. प्रश्न आहे तो पर्यटनाचा पैसा कुठे मुरतो याचा. या पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध समाजाची गावे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. वाहनतळ, वाटाडे, खानावळ ही कामे याच गावांकडे सोपवावीत. ज्याची चूल रानावर चालते, तो त्यावर कुऱ्हाड पडू देत नाही.

यंदा मुलांना घेऊन सहस्रकुंडाला जाल, तेव्हा धारांसोबत काठावरची झाडेही त्यांना दाखवा. लातूरची रेल्वे का धावली, हेही जाता जाता सांगा.