डोंगर म्हणजे नुसता उतार नव्हे

‘सह्याद्रीवरचा पाऊस चार तासांत समुद्राला मिळतो, धरणाशिवाय गत्यंतर नाही’ हे एका पत्रलेखकाचं विधान अर्धंच खरं आहे. उघड्या कातळावरून पाणी धावतं, मान्य. पण जुन्या महाबळेश्वरात पंचगंगा मंदिरातल्या गोमुखातून उन्हाळ्यातही धार पडते, ती कुठली? पाऊस तर ऑक्टोबरातच थांबलेला असतो. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र आहे. पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकट, घट्ट थरावर अडतं आणि कडेच्या झऱ्यांतून पाझरतं. काळा पाषाणही वाटतो तेवढा अखंड नाही. भेगा आणि मुरूम ही त्याची कोठारं. आमच्या वाडीवरच्या झऱ्याची धार मे महिन्यात करंगळीएवढी होते, पण आटत नाही.

आणखी एक गंमत. पाण्यातल्या समस्थानिकांच्या मोजणीवरून दिसलंय, की अनेक डोंगरी ओढ्यांच्या पुरातही मोठा वाटा आधीच मुरलेल्या पाण्याचा असतो. नवा पाऊस त्याला बाहेर ढकलतो, इतकंच.

धरणांना माझा विरोध नाही. फक्त पठारावर जेसीबी चढवण्याआधी खालच्या गावाचा झरा मोजा.

– एक वाचक, वाई