खेळाडू हवा, समाज नको!

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात दोन मोठी सरकारी विद्यापीठे आहेत. एक टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ आणि दुसरे ऑबर्न विद्यापीठ. या दोघांच्या फुटबॉल संघांत दरवर्षी होणाऱ्या सामन्याला ‘आयर्न बाउल’ म्हणतात. (हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर अंग आदळत खेळायचा तो अमेरिकेचा स्वतःचा खेळ आहे.) त्या दिवशी सारे राज्य दोन छावण्यांत विभागले जाते. पण खरा सामना त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. तो मोबिल, बर्मिंगहॅम, माँटगोमेरी या शहरांतील शाळांच्या मैदानांवर आणि गरिबांच्या घरांत खेळला जातो. कोणता मुलगा कोणाच्या संघात जाणार, यासाठीची ती चढाओढ असते.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना एक ते पाच तारे देऊन त्यांची प्रतवारी लावली जाते. मग विद्यापीठाचे प्रशिक्षक शाळेत येतात, घरी येतात, आईशी गोड बोलतात. त्या प्रशिक्षकांत वर्षाला लक्षावधी डॉलर पगार घेणारेही असतात. मुलगा कोठे सही करतो याच्या बातम्या राज्यभर होतात. आणि ज्यांच्यासाठी ही झुंबड उडते, त्यांतील फार मोठा हिस्सा कृष्णवर्णीय मुलांचा असतो. काळ्या माणसासाठी गोऱ्यांच्या विद्यापीठाने पायघड्या घालाव्यात, हे पाहून कोणालाही वाटेल की समता आली! आम्हाला मात्र तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते आमच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे.

याच अलाबामा विद्यापीठाच्या दारात ११ जून १९६३ रोजी राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः आडवा उभा राहिला होता. व्हिव्हियन मालोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून! राष्ट्राध्यक्ष केनेडींना राज्याचे नॅशनल गार्ड दल केंद्राच्या ताब्यात घ्यावे लागले, तेव्हा वॉलेस बाजूला झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार निष्पाप काळ्या मुलींचा बळी गेला. विद्यापीठाचे दार उघडले, पण फुटबॉलचा संघ पुढेही कित्येक वर्षे पांढराशुभ्रच राहिला.

तो कसा बदलला, याची एक आवडती गोष्ट तेथे सांगितली जाते. १२ सप्टेंबर १९७० रोजी कॅलिफोर्नियाचा संघ बर्मिंगहॅमला आला, त्यातील सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने धुमाकूळ घातला, अलाबामाचा २१ विरुद्ध ४२ असा पराभव झाला आणि प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचे डोळे उघडले! १९७१ साली मोबिलचाच जॉन मिचेल अलाबामाकडून मैदानात उतरला. त्यालाही कॅलिफोर्निया नेणार, अशी कुणकुण लागताच ब्रायंट यांनी घाई केली होती. गोष्ट खोटी नाही. पण अर्धी आहे. पराभवाच्या आदल्या वर्षी, १९६९ मध्ये, विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट यांच्यावर न्यायालयात दावा दाखल केला होता. राज्यात इतके काळे खेळाडू असताना एकही घेतला जात नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यांचा वकील यू. डब्ल्यू. क्लेमन पुढे अलाबामातील पहिला कृष्णवर्णीय केंद्रीय न्यायाधीश झाला. विल्बर जॅक्सन या काळ्या मुलाची निवड झाली ती दाव्यानंतर आणि पराभवापूर्वी. ऑबर्ननेही १९६९ मध्येच जेम्स ओवेन्सला घेतले. पण इतिहास लिहिताना प्रशिक्षकाचा मोठेपणा आणि मैदानातला पराभव लक्षात ठेवला जातो, संघटनेचा लढा गाळला जातो. हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

आता पैशाचे पाहा. या सामन्यांना लाखाच्या घरात प्रेक्षक बसतात, दूरचित्रवाणीचे करार कोट्यवधी डॉलरचे होतात. पण खेळणाऱ्याला मजुरी मिळत नव्हती. १९५५ साली कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली, ती १९५७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. अशा दाव्यांपासून बचाव करण्यासाठीच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रूढ केला. तो कामगार नाही, तो विद्यार्थी आहे, मग भरपाई कसली? शब्दाची ही करामत घडवणारे वॉल्टर बायर्स निवृत्तीनंतर स्वतःच या व्यवस्थेवर तुटून पडले आणि १९९५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिला गुलामांच्या मळ्याची उपमा दिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने या संघटनेला फटकारले आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांनी थेट पैसे देण्याची वाटही मोकळी झाली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. हे सारे न्यायालयात भांडून मिळाले, हे विसरता कामा नये.

म्हणजे शोषण संपले काय? २९ जून २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी घातली. २०२४ साली अलाबामाच्या विधिमंडळाने कायदा करून सरकारी विद्यापीठांतील वंशसमावेशाच्या कचेऱ्या बंद पाडल्या. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेची हक्काची जागाही गेली. राज्याच्या लोकसंख्येत काळे एक चतुर्थांशाहून अधिक आहेत, पण या विद्यापीठातील त्यांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी! जो मुलगा शंभर यार्डांच्या मैदानात वेगाने धावतो, त्याच्या दारात विद्यापीठ स्वतः जाते. जी मुलगी गणितात हुशार आहे, तिला मात्र सांगितले जाते की आम्ही रंग पाहत नाही. अंगातले बळ हवे, डोके नको. खेळाडू हवा, समाज नको!

बर्मिंगहॅमचे कृष्णवर्णीय महापौर रँडल वूडफिन यांनी हे मर्म ओळखले. कायद्याचा घाट घातला जात असतानाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांनी जाहीर इशारा दिला की हा कायदा झाला तर काळ्या खेळाडूंच्या पालकांना आपली मुले राज्याबाहेर पाठवायला सांगू. मार्चमध्ये एनएएसीपी या जुन्या संघटनेनेही फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांबाबत काळ्या खेळाडूंना तसाच फेरविचार करायला सांगितले. कायदा तरीही झाला आणि भरतीही चालूच राहिली.

यावर कोणी म्हणेल, मुलांनी समाजाशी बेइमानी केली. आम्ही हे म्हणणार नाही. ज्याच्या आईने दोन-दोन नोकऱ्या करून घर चालवले, त्या सतरा वर्षांच्या पोराने समाजाच्या लढ्याचे सारे ओझे एकट्याने उचलावे आणि घरात येणारी लक्ष्मी परत पाठवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. दोष मुलाचा नाही. त्याच्या पाठीशी संस्था उभी नाही, हा आहे. एके काळी अशा संस्था होत्या. लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत संघ घडवला आणि ४०८ सामने जिंकले. गोऱ्यांची दारे उघडली आणि खेळाडूंचा ओघ तिकडे वळला. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रॅव्हिस हंटर या देशातल्या अव्वल मुलाने फ्लोरिडा स्टेट सोडून मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ निवडले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण वर्षभरात प्रशिक्षक डिऑन सँडर्स कोलोरॅडोला गेले आणि त्यांच्या मागोमाग हंटरही. एका माणसाच्या करिष्म्यावर संस्था उभी राहत नाही.

आपल्याकडे बाळू पालवणकर झाले. चांभार समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाला पुण्याच्या हिंदू संघाने घेतले ते युरोपियनांना हरवायचे होते म्हणून. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालत होता, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही झगडून. ज्या बाळूंचा बाबासाहेबांनी गौरव केला होता, त्यांनाच १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले. पण आपला गुणी माणूस आपल्याच विरुद्ध कसा वापरला जातो, याचा धडा त्या निवडणुकीने दिला.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९७२ च्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथरकडून घेतले. हे नाते केवळ अभिमानाने सांगण्यासाठी नाही. आज आपल्याही गुणी मुलांना बोलावणारे पुष्कळ आहेत. मैदानावर, व्यासपीठावर, पक्षाच्या यादीत! मुलांनी जरूर जावे. पण जाताना समाजाच्या वतीने एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे : मला घेता, मग माझ्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांचे काय? हा प्रश्न एकट्या मुलाच्या तोंडी शोभत नाही, तो संघटनेने विचारायचा असतो. १९६९ साली टस्कलूसाच्या विद्यार्थ्यांनी तो न्यायालयात विचारला, म्हणून दार उघडले. बाबासाहेबांनी ‘शिका’ आणि ‘संघर्ष करा’ यांच्या जोडीला ‘संघटित व्हा’ का सांगितले, याचे उत्तर यातच आहे.