संत्र्याचा सव्वा तास

पुण्याच्या मंडईत नागपुरी संत्र्याचे ढीग पाहून कुणीही म्हणेल, विमानानं आणा की! नागपूरच्या सोनेगावहून पुण्याचं लोहगाव हवेतून सुमारे 605 किलोमीटर. विमानाला सव्वा तास पुरे. रस्त्यानं सातशेच्या वर. ट्रकला रात्र पुरत नाही. पण हिशेब धावपट्टीपासून नव्हे, बांधापासून धरा. काटोलहून सोनेगाव साठेक किलोमीटर, तिथं वजन, तपासणी, चढउतार; लोहगावहून गर्दीतून गुलटेकडी, मग मंडई. संत्रं दोन दिवसांचा प्रवास सोसतं, विमानभाडं नाही. (फुलांची गोष्ट निराळी.) सरपंच मंडळी, ग्रामसभेत ठराव करायचाच तर आधी बागेच्या पाणंद रस्त्याचा करा. आंबिया बहाराची तोड पावसाळा सरता सरता लागते आणि गाडी तिथंच रुतते.